ओगराळें आणि धनुष्य

कांहीं वर्षांपूर्वीं पुण्यांतील एका सभागृहांत एका जपानी बाईंनीं आपल्या देशांतील चहाचा विधि करून दाखविला. त्या प्रसंगीं मी हजर होतों. व्यासपीठावर चार चटया अंथरलेल्या, एका बाजूस शेगडी, तिच्यावर लोखंडी भांड्यांत आधण आलेलें पाणी, आणि समोर एकच पाहुणी. पाऊण तासांत घडलें तें एवढेंच: एक वाडगा धुतला गेला, पुसला गेला, त्यांत चहाची हिरवी पूड पडली, तिच्यावर ऊन पाणी पडलें, वेळूच्या लहानशा रवीनें तें घुसळलें गेलें, आणि पाहुणीनें तें पिऊन वाडगा परत दिला. माझ्या डाव्या हाताला आमच्या महाविद्यालयांतील तत्त्वज्ञानाचे अध्यापक बसले होते. उजव्या हाताला एक वृद्ध गृहस्थ होते. तरुणपणीं त्यांनीं आखाडा गाजविला होता व पुढें एका शाळेंत व्यायामशिक्षक म्हणून जन्म काढला होता. अध्यापकांच्या चेहऱ्यावर समाधि लागल्याचा भाव होता. पैलवान मात्र एकसारखे त्या बाईंच्या पावलांकडे पाहात होते. शेवटीं ते माझ्या कानाशीं लागून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, या बाईंना कोणी धक्का देऊन पाहावा, हलायच्या नाहींत. हें चहा करणाऱ्याचें अंग नव्हे, लढणाऱ्याचें आहे."

घरीं परततांना मीं हें अध्यापकांना सांगितलें, तेव्हां ते किंचित् रागावलेच. जगांतील एका अत्यंत शांत विधींत ज्याला तरवार दिसते त्याच्या दृष्टींतच कांहीं दोष असला पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. दोघेही माझे स्नेही. दोघांचाही वाद माझ्यापुरता अजून मिटलेला नाहीं. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

पैलवानांचें निरीक्षण खोटें नव्हतें, हें आधीं कबूल केलें पाहिजे. चहाच्या खोलींत यजमान पाऊल उचलून चालत नाहीं. तळवा चटईवरून सरकवीत तो पुढें जातो. शरीराचा भार बेंबीखालच्या पोटांत ठेवलेला असतो, त्यामुळें चालतांना डोकें वरखालीं होत नाहीं. बैठक आपल्या वज्रासनासारखी. परंतु उठतांना हाताचा आधार घ्यावयाचा नाहीं. टांचा उभ्या करून, पाठ न वांकवितां, एका दमांत उठावयाचें. अशा रीतीनें उठणारा व चालणारा मनुष्य वाटेल त्या क्षणीं थांबूं शकतो व वाटेल त्या क्षणीं वळूं शकतो. त्याचा तोल कधींच उधार दिलेला नसतो. जपानांतील तरवारीच्या शाळांतून हीच चाल शिकवितात. ओगासावारा नांवाच्या घराण्यानें तर घोड्यावरून बाण मारण्याची विद्या आणि दरबारांत उठण्याबसण्याची रीत या दोन्ही गोष्टी एकाच परंपरेंत शिकविल्या. धनुष्य कसें ओढावें हें ज्यानें शिकवावें त्यानेंच नमस्कार कसा करावा हेंही शिकवावें, यांत त्या लोकांना कांहींच विचित्र वाटत नव्हतें.

ओगराळ्याची गोष्ट याहूनही स्पष्ट आहे. पाणी काढण्यासाठीं वेळूचें एक लांब दांड्याचें ओगराळें असतें. त्याला 'हिशाकु' म्हणतात. मेपासून ऑक्टोबरपर्यंत शेगडी चटईवर मांडलेली असते, तेव्हां हें ओगराळें भांड्याच्या तोंडावर टेकविण्याचे तीन प्रकार आहेत. एकाचें नांव 'ठेवणें', दुसऱ्याचें 'कापणें', तिसऱ्याचें 'ओढणें'. या तिन्ही हालचाली धनुर्धराच्या हातांवरून घेतल्या आहेत, असें गुरु शिष्यांना सांगत आले आहेत. 'ओढणें' या प्रकारांत बोटें दांड्यावरून मागें सरत येतात तीं प्रत्यंचा खेंचावी तशीं. आणि 'कापणें' यांत बाण सुटल्यावर पंजा उघडा राहावा तसा तो दांड्यापाशीं क्षणभर उघडा राहतो. हें ज्यानें एकदां पाहिलें त्याला पुन्हां तेथें केवळ ओगराळें दिसणें कठीण आहे. हिरोशिमा येथें उएदा सोको या योद्ध्यानें चालविलेल्या परंपरेंत तर हें साम्य मुद्दाम राखलें आहे, असें म्हणतात. या उएदा सोकोची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १६१५ मध्यें ओसाकाच्या युद्धांत, काशिई येथें शत्रूची वाट पाहात दबा धरून बसला असतां, त्यानें जवळच्या बेटांतला वेळू कापून चहाची पूड काढण्याच्या दोन डावल्या कोरल्या. त्यांना मिळालेल्या नांवाचा अर्थ 'शत्रूपासून लपलेली' असा आहे.

यजमानाच्या कमरेला एक रेशमी रुमाल खोंचलेला असतो. सेन घराण्याच्या शाखांत तो डाव्या बाजूस असतो, योद्ध्यांनीं चालविलेल्या कित्येक शाखांत उजव्या. कारण असें सांगतात कीं, योद्ध्याची डावी बाजू तरवारीची. तेथें रुमालाला जागा कोठली? गंमत अशी कीं, तरवार तर खोलींत येतच नाहीं. खोलीबाहेर, वळचणीखालीं, तरवारी ठेवण्याची फळी असते. आणि आंत शिरण्याची जी खिडकीवजा वाट असते ती सुमारें ६६ सेंटिमीटर उंच, म्हणजे राजा असो वा रंक, गुडघ्यांवर रांगत व मान पुढें काढून आंत यावयाचें. मान पुढें काढलेल्या स्थितींत मनुष्य किती असहाय असतो हें त्या काळच्या पाहुण्यांना सांगावें लागत नसे. तरवार बाहेर राहिली. पण तिची जागा मात्र अंगावर मोकळी राहिली. या मोकळ्या जागेइतका बोलका पुरावा मला दुसरा आढळला नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे, नाहींतर पैलवान जिंकले अशी समजूत होईल. सरकत्या पावलांची चाल 'नो' नाट्यांतही आहे. वाडगा दोन्ही हातांनीं धरावा, भांडीं ठराविक क्रमानें मांडावीं व उचलावीं, या गोष्टींत झेन मठांतील भिक्षूंच्या भोजनविधीचा वांटा मोठा आहे. आणि चटई, लांब झगा व अरुंद खोली यांनींच मनुष्याला कितीतरी हालचाली शिकविल्या असतील; त्याला गुरु लागत नाहीं. चटईच्या कांठावर पाय देऊं नये, कारण फटींतून खालून कोणी पातें खुपसील, अशी एक कथा प्रवाशांना सांगतात. मला ती पटत नाहीं. कांठाचें कापड लवकर झिजतें, हें कारण पुरेसें आहे. शिवाय १६१५ नंतर जवळजवळ अडीचशें वर्षें जपानांत मोठें युद्ध असें झालेंच नाहीं म्हटलें तरी चालेल. त्या काळांतले सामुराई बहुशः कारकुनी करीत. कमरेची तरवार क्वचित् म्यानाबाहेर येई. म्हणजे युद्धाची हालचाल चहाच्या खोलींत येण्यापूर्वींच योद्ध्याच्या स्वतःच्या अंगांत शिष्टाचार होऊन बसली होती. १८६८ नंतर मुलींच्या शाळांतून हा विधि शिकविला जाऊं लागला, आणि आज तो शिकणाऱ्यांत स्त्रियांचेंच प्रमाण अधिक आहे. ज्यांनीं धनुष्य कधीं हातांत धरलें नाहीं अशा हातांत आज प्रत्यंचेची ओढ जिवंत आहे. आपल्याकडील लेजीम ही मुळांत धनुष्याचीच तालीम होती, हें शाळेंतल्या मुलांना ठाऊक नसतें, आणि त्यावांचून त्यांचें कांहीं अडतही नाहीं.

मग प्रश्न उरतो कोठें? उरतो तो असा. ओकाकुरा काकुझो यांनीं १९०६ मध्यें चहावर इंग्रजींत एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यापूर्वीं चार वर्षें ते हिंदुस्थानांत होते, ठाकुरांच्या घरीं त्यांचें जाणेंयेणें होतें. त्या पुस्तकांत त्यांची एक तक्रार आहे: पाश्चात्य लोक सामुराईंच्या धर्माचें, म्हणजे मरण्याच्या कलेचें, कौतुक करतात, पण जगण्याची कला जी चहाची, तिच्याकडे त्यांचें लक्ष नाहीं, आणि जपाननें मांचुरियांत कत्तल केली तेव्हांच त्यांना जपान सुधारलेला वाटूं लागला. तक्रार रास्त होती. परंतु तीत एक गृहीत धरलेलें आहे, तें असें कीं या दोन कला एकमेकींच्या विरुद्ध आहेत. त्यांचें अंग जर एकच असेल, तर?

इतिहास पाहिला तर विरोधाचा पुरावा फार थोडा मिळतो. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) हा या विधीचा थोर आचार्य, साकाई बंदरांतील व्यापाऱ्याचा मुलगा. त्याच गांवचा इमाई सोक्यू हा चहाचा तितकाच नाणावलेला जाणकार. तो ओदा नोबुनागाला बंदुका व दारू पुरवीत असे. नोबुनागा आपल्या सरदारांना जमिनीऐवजीं चहाचीं भांडीं बक्षीस देई, आणि ताकिगावा काझुमासु नांवाचा सरदार प्रांत मिळाला तरी हवी असलेली चहाची बरणी मिळाली नाहीं म्हणून हळहळला. हिदेयोशीनें १५८७ मध्यें कितानो येथें मोठा चहासमारंभ केला व त्यांत गरिबांनाही बोलाविलें. त्यानेंच १५९१ मध्यें रिक्यूला पोट फाडून मरण्याची आज्ञा केली आणि पुढच्याच वर्षीं कोरियावर सैन्य धाडलें. त्या स्वाऱ्यांतून कापून आणलेल्या नाकांचा ढिगारा क्योतोंत १५९७ पासून मातीखालीं आहे. त्याच स्वाऱ्यांतून सरदारांनीं कोरियन कुंभार धरून आणले, आणि ज्या वाडग्यांच्या साधेपणावर रसिक आजही लुब्ध होतात त्यांतले कित्येक त्या कुंभारांच्या व त्यांच्या वंशजांच्या चाकावर घडले. याला ढोंग म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण ढोंगी मनुष्य विधींत चुकतो. हे लोक चुकत नव्हते. अडचण तीच आहे.

ही अडचण एकाच मनुष्याच्या चरित्रांत पाहावयाची तर ईई नाओसुके याच्याकडे पाहावें. १८१५ मध्यें हिकोनेच्या संस्थानिकाच्या घरीं हा चौदावा मुलगा जन्मला. चौदाव्या मुलाला गादीची आशा ती काय असणार? तारुण्याचीं बरीच वर्षें त्यानें एका साध्या घरांत काढलीं, आणि त्या घराला 'जमिनींत गाडलेल्या झाडाचें घर' असें नांव दिलें. तेथें तो झेन शिकला, कविता शिकला, सेकिशू परंपरेचा चहा शिकला, आणि 'इआई' शिकला. इआई म्हणजे तरवार उपसण्याची विद्या. हिचा बराचसा भाग गुडघ्यांवर बसूनच करावयाचा असतो. बैठकींतून, श्वासाच्या एका टप्प्यांत, म्यानांतून पातें बाहेर येतें, काम करतें व परत जातें. नाओसुके या विद्येंत इतका निपुण झाला कीं त्यानें स्वतःची शाखा काढली. त्याच घरांत, त्याच चटईवर, त्याच गुडघ्यांवर बसून तो सकाळीं तरवार उपसत असेल आणि दुपारीं वाडगा पुसत असेल.

पुढें थोरले भाऊ मेले वा दत्तक गेले, १८५० मध्यें तो गादीवर आला, १८५८ मध्यें महामंत्री झाला. त्याच सुमारास त्याचा चहावरील ग्रंथ पुरा झाला. प्रत्येक भेट ही जन्मांत एकदांच घडणारी आहे, हा जो विचार आज जपानबाहेरही पसरला आहे, त्याला या ग्रंथानें कायमचें रूप दिलें. मला स्वतःला त्यांतला दुसराच एक भाग अधिक मोलाचा वाटतो. पाहुणे निघून गेल्यावर यजमानानें काय करावें, याविषयींचा तो भाग आहे. त्यानें लगेच दार लावूं नये, भांडीं आवरूं नयेत. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत पाहावें, मग परत खोलींत येऊन एकट्यानें चुलीपाशीं बसावें, आतां तो कोठवर गेला असेल याचा विचार करावा, आणि आजची भेट पुन्हां होणार नाहीं हें मनांत आणावें. धनुर्विद्येंत बाण सुटल्यावरही धनुर्धर तसाच उभा राहतो, मन बाणाबरोबर धाडून मोकळा होत नाहीं. त्याला 'झान्शिन', म्हणजे उरलेलें मन, म्हणतात. नाओसुकेनें सांगितलेली ती बैठक म्हणजे हेंच उरलेलें मन. फक्त लक्ष्याच्या जागीं पाहुणा आला. युद्धाच्या एका संवयीचा इतका सुंदर पालट दुसरीकडे कोठें झाला असेल असें मला वाटत नाहीं.

आणि याच मनुष्यानें १८५८–५९ मध्यें आपल्या विरोधकांवर जें सत्र धरलें त्यांत शंभराहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. योशिदा शोइन हा अवघा एकोणतीस वर्षांचा शिक्षक त्यांतच शिरच्छेद होऊन मेला. १८६० च्या मार्चमध्यें, बर्फ पडत असतांना, एडोच्या साकुरादा दरवाजाबाहेर अठरा जणांनीं नाओसुकेच्या पालखीवर हल्ला केला. बर्फ म्हणून रक्षकांच्या तरवारींवर खोळी होत्या. पालखींत बसलेल्या त्या इआईच्या आचार्याला पहिली लागली ती पिस्तुलाची गोळी. त्याची तरवार म्यानांतच राहिली.

शोइन गेल्यावर, आतां तो कोठवर गेला असेल, असा विचार करीत नाओसुके चुलीपाशीं बसला असेल काय? मला तसें वाटत नाहीं. आणि बसला नसेल तर ती त्याच्या शिक्षणांतली चूक नव्हती. तें शिक्षण तेवढेंच होतें. माझ्या तत्त्वज्ञ मित्रांची भूल येथें होते. आपण शांत चेहरा पाहिला कीं शुद्ध अंतःकरण गृहीत धरतों. समत्वाचा उपदेश आपल्या परंपरेंतही एका धनुर्धरालाच, रणांगणावर केला गेला, आणि तें रण खरें कीं मनांतलें याचा खल भाष्यकार अजून करीत आहेत. हात कांपत नाहीं, श्वास चुकत नाहीं, मन विखुरत नाहीं, एवढ्यावरून तो हात काय करणार आहे हें कळत नाहीं. पण म्हणून पैलवानांचें बरोबर, असेंही मी म्हणणार नाहीं. तरवारीची सावधता समोरच्याची उणी घटका शोधते. चहाची सावधता समोरच्याची गरज शोधते. पाणी किती ऊन हवें, थंडीच्या दिवसांत वाडगा किती खोल हवा, पाहुण्याचे पाय आंखडले आहेत काय. डोळा तोच, पण तो ज्याच्यावर खिळतो त्याचें एकीकडे मरण ओढवतें आणि दुसरीकडे त्याला ऊब मिळते. हा फरक लहान नव्हे. माझा आक्षेप दुसराच आहे. ही सावधता त्या लहान दारांतून रांगत जो आंत आला त्याच्यापुरती असते. कोणाला आंत बोलवावयाचें, हें विधि सांगत नाहीं. योद्ध्याची निष्ठाही अशीच धनी व सोबती यांच्यापुरती होती. भिंतीबाहेरचा मनुष्य तिच्या हिशेबांत नव्हता. चहानें सामुराईची तरवार बाहेर ठेवविली, त्याची सावधता आंत घेतली, आणि त्या सावधतेबरोबर तिची कुंपणेंही आंत आलीं. शोइन त्या दारांतून कधीं आलाच नव्हता.

दैसेत्सु सुझुकी यांनीं झेन आणि जपानी संस्कृति यांवरील आपल्या १९३८ च्या ग्रंथांत चहाच्या एका आचार्याची कथा सांगितली आहे. एका गुंड सामुराईनें त्याला द्वंद्वाला बोलाविलें. तरवार कशी धरावी हेंही त्याला ठाऊक नव्हतें, म्हणून निदान शोभेसें मरावें या हेतूनें तो एका तरवारीच्या गुरूकडे गेला. गुरूनें त्याला चहा करावयास सांगितलें, तो पाहिला, आणि म्हटलें, याच मनानें तरवार घेऊन उभा राहा. तो तसा उभा राहिला आणि गुंड माघारा फिरला. कथा चांगली आहे. पण ती प्रसिद्ध झाली तेव्हां जपानी सैन्य चीनमध्यें लढत होतें, हें विसरून ती वाचतां येत नाहीं. ज्याला स्वतःच्या प्राणाची पर्वा नाहीं त्याच्याकडून दुसऱ्याच्या प्राणाची बेपर्वा करवून घेणें राज्यकर्त्यांना फार सोपें जातें.

हें सर्व मीं दोघांही मित्रांना एका संध्याकाळीं सांगितलें. अध्यापक म्हणाले, मग तुमच्या मतें त्या विधीला कांहीं किंमतच नाहीं. उत्तरादाखल मीं रिक्यूच्याच एका वंशजाची हकीकत सांगितली. सेन गेन्शित्सु यांचा जन्म १९२३ चा. उरासेन्के शाखेचे ते पंधरावे प्रमुख. १९४३ मध्यें विद्यार्थी असतांनाच त्यांना आरमाराच्या वैमानिक दलांत भरती केलें गेलें, आणि पुढें विमानासकट शत्रूच्या जहाजावर आदळून मरणाऱ्या तुकडींत त्यांचें नांव आलें. तोकुशिमाच्या तळावर ते आपल्या बरोबर आणलेल्या लहानशा पेटींतील सामानानें सोबत्यांना चहा करून देत. एकानें त्यांना म्हटलें कीं, जिवंत परतलों तर तुझ्या घरच्या चहाच्या खोलींत मला एकदां चहा पाज. गेन्शित्सु यांच्यावर उड्डाणाची पाळी आली नाहीं. सोबत्यांपैकीं बहुतेक परतले नाहींत. पुढें ते जन्मभर देशोदेशीं वाडगा घेऊन हिंडले, पूर्वींच्या शत्रूंनाही त्यांनीं चहा दिला, आणि २०२५ मध्यें, १०२ वर्षांचे होऊन, ते वारले.

अध्यापक कांहीं बोलले नाहींत. पैलवान बराच वेळ स्वतःच्या पंजांकडे पाहात होते. मग त्यांनीं विचारलें, "त्या पोरांनीं वाडगा दोन्ही हातांनीं धरला असेल ना?"

मीं म्हटलें, "रीत तशीच आहे."